याडीच्या गालावरची धूळ

३ जानेवारी
नेरला बंद पडलेल्या एका स्टुडिओतून जुना फिल्म स्कॅनर आणला. दिग्रसच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो, तर कंडक्टर त्याचंही तिकीट मागू लागला. कडक शब्दांत वाद घातला. मग काढलं.
काम साधं आहे. याडीची, म्हणजे माझी आई बिजली हिची, एकच निगेटिव्ह उरली आहे. ती स्कॅन करून मोठा फोटो काढायचा. २० तारखेला बांचं, माझ्या वडिलांचं, यवतमाळला मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि फोटो पाहिल्याशिवाय ते जायला तयार नाहीत. काहून, विचारलं. म्हणाले, बाई मेली का सारे दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं संगं जाते. मी ऑपरेशनात गेलो तं वर तिले गोंदणावरूनच वळखीन. पण कोन्त्या गालावर होतं, थेच आठवून नाही राह्यलं.
याडी गेली तेव्हा मी लहान होतो. मलाही आठवत नाही. हे बांना सांगितलं नाही.
उद्या दुपारपर्यंत फोटो तयार. मी रिटायर होईपर्यंत ऑफिसचा कॉम्प्युटर माझ्याशिवाय कुणी उघडत नसे.

४ जानेवारी
सॉफ्टवेअर टाकलं. सेटिंग बरीच आहेत. सगळी ‘हाय’वर ठेवली. चांगली गोष्ट कमी कशाला घ्यायची? बायको म्हणाली, आधी माहितीपुस्तक वाचा. संगीताला कोण सांगणार, ते ज्यांना समजत नाही त्यांच्यासाठी असतं.

५ जानेवारी, दुपार
स्कॅन सकाळपासून चालू आहे. हाय क्वालिटीला वेळ लागतोच.
दुपार, पुन्हा
लाइट गेली.

६ जानेवारी
याडी निळी आली. फिल्म टाइप ‘कलर’ होता, निगेटिव्ह ब्लॅक अँड व्हाइट. एवढं त्या मशीनला दिसायला नको?

९ जानेवारी
जमलं! चेहरा असा स्वच्छ की लग्नपत्रिकेवर छापावा. बांनी फोटो डोळ्यांना टेकवून पाहिला. म्हणाले, हे कोन मास्तरीन हाये? गोंदण कुठी गेलं? मी म्हटलं, जुन्या फोटोत गोंदण येत नसतं. म्हणाले, मंग नाकातली भुरिया कशी आली?
अडाणी माणसाला टेक्नॉलॉजी समजावणं अवघड.

११ जानेवारी
संगीता पाठीमागे येऊन उभी राहिली. म्हणाली, हे ‘डस्ट रिमूव्हल हाय’ म्हणजे धूळ पुसणं ना? गोंदणाचे ठिपके धूळ समजून पुसून टाकत असंल. मी शांतपणे सांगितलं, परदेशातल्या इंजिनियरांनी बनवलेलं आहे, त्यांना धूळ आणि गोंदण कळत नसेल का? ती म्हणाली, थ्याइनं आपल्या तांड्यातली बाई कधी पाह्यली?
विषय बंद केला. दोष निगेटिव्हमध्ये असावा.

१४ जानेवारी
संक्रांत. शार्पनेस वाढवला. याडीला मिशी आली. कमी केला. भुरिया गेली. तिळगूळ घेतला नाही, कुणाशी गोड बोलण्याची मनःस्थिती नाही.

१६ जानेवारी
स्टँडवरचा रोशन फोटोवाला म्हणाला, काका, द्या इकडं, मी करून देतो. सगळ्या गल्लीने मला स्कॅनर आणताना पाहिलंय. आता कोणत्या तोंडाने देऊ?

१८ जानेवारी
बांनी दवाखान्यासाठी भरलेली पिशवी रिकामी केली. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू जास्त पिकला आहे, उशीर केला तर डोळा हातचा जाईल. रडलो. बाथरूममध्ये, नळ सोडून.

१९ जानेवारी
निर्णय घेतला. फोटोवर बॉलपेनने उजव्या गालावर तीन ठिपके दिले, हनुवटीवर एक. याला एडिटिंग म्हणतात. मोठमोठे करतात.
बांनी फोटो डोळ्यांशी नेला. ठिपके एकेक करून मोजले. मग म्हणाले, हौ. बिजलीच हाये. पिशवी पुन्हा भरली.
सुटलो. खरं तर आनंद व्हायला हवा. जेवण गेलं नाही.

२० जानेवारी, यवतमाळ
बांना आत नेलं. स्ट्रेचरवर ओठ हलत होते. वाटलं, देवाचं नाव घेतायत. वाकून ऐकलं तर पाठ करत होते: उजवा गाल, तीन. हनुवटी, एक.
 बाहेर बाकावर बसून कळंबच्या चिंतामणीला हात जोडले. देवा, त्यांना आज नेऊ नको. नेलंसच तर त्यांना कुणाला गोंदणावरून ओळखू देऊ नको.

२१ जानेवारी
पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, उत्तम दिसेल. बांनी सगळ्यात आधी फोटो मागितला. मी म्हटलं, डोळ्यांना ताण नको. संगीताने काढून दिला.
बांनी पाहिला. मग बोटाला थुंकी लावून याडीचा गाल चोळला आणि बोट खिडकीकडे धरलं. निळं झालं होतं. परतताना माझ्याजवळ न बसता संगीताशेजारी बसले.

२२ जानेवारी
मी औषधं आणायला गेलो तेवढ्यात संगीताने ‘डस्ट रिमूव्हल’ची टिक काढली. एकाच स्कॅनमध्ये फोटो आला. थोडी धूळ आहे. डाव्या डोळ्याखाली गोंदणाच्या ठिपक्यांची चंद्रकोर. उजव्या गालावर काही नाही. हनुवटीवरही नाही.
बा फोटो मांडीवर घेऊन खूप हसले, मग रडले. मी दारात उभा. आत जावं की नाही कळेना. शेवटी त्यांनीच हाक मारली. म्हणाले, राजकुमार, परवा मेलो असतो तं वर जाऊन भलत्याच बाईचा हात धरला असता. अन् तो बी तुया याडीसमोर.