ह्यांच्या नावाने एक प्रश्न

३ जून
ठरलं. 'प्रश्न तुमचे' कार्यक्रमाला ह्यांच्या नावाने प्रश्न पाठवायचा. प्रेक्षकांनी पाठवलेले दहा प्रश्न रोज रात्री आठला विचारतात, आणि त्याआधी पाठवणाऱ्याचं नाव मोठ्याने वाचतात. ह्यांचं नाव एकदा टीव्हीवर वाचलं गेलंच पाहिजे. दीर चारचौघांत सांगत फिरतात की दादा आठवीत दोनदा बसला. बसले असतील. पण अकरा वर्षं ह्याच खुर्चीतून त्यांनी स्पर्धकांच्या आधी उत्तरं दिली. एकही चुकलं नाही. साक्षीदार मी.
ह्यात दुःखाचा संबंध नाही. वर्ष झालं. मी सावरले आहे.

४ जून, रात्री पावणेनऊ
आज पुन्हा खुर्चीतून आवाज आला. "शुक्र." स्पर्धक अजून छताकडे बघत होता. उत्तर शुक्रच निघालं. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, मी वाचणारी बाई आहे. रविवारी खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवायची.

८ जून, रविवार
खुर्ची जड आहे. शिवाय ढगाळ हवा. पुढच्या रविवारी.

११ जून
ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान उघडलं. महिनाअखेर रिकामं करून द्यायचंय. खणात सुट्या काट्यांच्या डबीखाली अकरा वह्या सापडल्या. पानापानावर तारीख, खाली दहा प्रश्न, समोर उत्तरं. बारीक, स्वच्छ अक्षर. डोळ्यांत पाणी आलं ते धुळीमुळे.
मुलीला फोन केला. म्हटलं, तुझे बाबा अभ्यास करायचे गं, लपून. ती म्हणाली, आई, बाबांच्या हातात पुस्तक कधी बघितलंस का तू? मी म्हटलं, विद्वान माणूस दाखवून वाचत नाही. ती म्हणाली, जेवलीस का?
वहीतले सहा प्रश्न निवडून पाठवले.

१५ जून, रविवार
आज खुर्चीतून नऊ उत्तरं. खुर्ची तिथेच असू दे. उगाच फरशीवर चरे पडतात.

१९ जून
कार्यक्रमाच्या ऑफिसकडून पत्र. आपले सहाही प्रश्न यापूर्वी विचारून झाले आहेत. कोणता कधी विचारला त्या तारखाही दिल्यात. वह्या काढून ताडून पाहिलं. सहाच्या सहा तारखा वहीतल्याच! मला कसं आठवणार? मी टीव्हीकडे कमी आणि ह्यांच्याकडे जास्त बघायचे.
पण वह्या दुकानातून कधी घरी आल्या नाहीत. दुकान सहाला बंद. कार्यक्रम आठला. म्हणजे ह्यांनी आधी लिहिलं आणि त्यांनी नंतर विचारलं.
चोरी!

२० जून
दिरांना सांगितलं. म्हणाले, वहिनी, दादाचे प्रश्न चोरायला टीव्हीवाले दुकानात घड्याळ घेऊन यायचे की काय? मी म्हटलं, कसे चोरले ते त्यांनी सांगायचं. माझ्याकडे पुरावा आहे. तक्रार करणार.

२३ जून
टीव्हीच्या ऑफिसात गेले. अकराही वह्या पिशवीत. खांदा निघाला. काउंटरवरची बाई चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होती. मी सगळं मुद्देसूद सांगितलं. तिने दोन-चार पानं उलटली. मग आवाज खाली आणून म्हणाली, आजी, कार्यक्रम दुपारी एकला असतो. रात्री आठला दाखवतो ते पुनःप्रक्षेपण.
मी म्हटलं, मी आजी नाही.
वह्या पुन्हा पिशवीत भरल्या.

२४ जून, दुपारी
दुकानाशेजारच्या सलूनमध्ये गेले. सलूनवाल्याला विचारलं, हे इथे येऊन टीव्ही बघायचे का? त्याने एक दाढी अर्धी सोडली. म्हणाला, वहिनी, एक ते पावणेदोन साहेब कुणाचं घड्याळ उघडायचे नाहीत. त्या बाकावर वही घेऊन बसायचे. मध्ये कुणी बोललं की खेकसायचे. एकदा ऐन वेळी वीज गेली तर त्यांना डबा गेला नाही. मला म्हणायचे, घरी बोललास तर तुझ्याकडे दाढी बंद. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक म्हणालं, आमच्याकडून उत्तरांचं स्पेलिंग विचारून घ्यायचे.
वीज गेली तो दिवस मला आठवतो. त्या रात्री ह्यांचं डोकं दुखत होतं. पावणेनऊपर्यंत मी बाम चोळत बसले होते.
त्याच बाकावर बसून आजचा भाग बघितला. कान देऊन ऐकलं. एकाही प्रश्नाला आवाज आला नाही. बरोबरच आहे. दुपारी त्यांनाही काही येत नसायचं.
रात्री येईल.

२४ जून, रात्री साडेआठ
आला नाही.
दहाही उत्तरं मला पाठ होती. पहिला प्रश्न संपायच्या आत उत्तर माझ्या तोंडात. दुसऱ्याचंही तेच. सगळं आधीच माहीत असलं की हा कार्यक्रम किती कंटाळवाणा आहे, याची मला कल्पना नव्हती. तिसऱ्या प्रश्नाला टीव्ही बंद केला.
ते अकरा वर्षं रोज शेवटपर्यंत बसले.