दोन इंच मोठी कुंडी

२ फेब्रुवारी

देगलूरला पोचले. लातूरहून बदली झाल्याचं कळल्यावर सगळ्यांनी असे चेहरे पाडले की जणू मला काळ्या पाण्यावरच धाडतायत. मला तर गाव आवडलं. बसस्टँडवर तिघं जण मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांत भांडत होते आणि तिघांनाही एकमेकांचं नीट कळत होतं. कॉलेजचं ग्रंथालय लहान आहे, त्यातली धूळ मोठी आहे. वर्षभर पुरेल एवढं काम आहे, म्हणजे बरंच झालं.

घर तर नशिबानं मिळालं. मालक माधवराव निवृत्त मास्तर. मुलाकडे, राघवेंद्रकडे, पाडव्यापर्यंत हैदराबादला राहणार, म्हणून सगळं घर माझ्या हवाली. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई दीड वर्षापूर्वी गेल्या. स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा चहापुडीचा डबा मी सहज काढला, तेव्हा ते बघत राहिले. म्हणाले, ती तुमच्यापेक्षा दोन इंच बुटकी, तो डबा रोज मीच काढून द्यायचो.

निघताना त्यांनी एकच गोष्ट मागितली. बैठकीतल्या झाडाला रविवारी तांब्याभर पाणी घाला मुग्धाताई, बाकी त्याला हात लावू नका, मी येईपर्यंत जपा. मी शब्द दिला. रिक्षात बसल्यावरही ते खिडकीतून दिसणाऱ्या त्या झाडाकडेच बघत होते.

९ फेब्रुवारी

इथे सगळे त्याला मोठा मनीप्लांट म्हणतात, पण आहे मॉन्स्टेरा. पानं सुपाएवढी, भोकाभोकांची. मात्र हाल बघवत नाहीत. कुंडीच्या तळातून मुळ्या बाहेर पडून फरशीवर आल्यात. पाणी घातलं की मिनिटभरात खालून वाहून जातं. नवं पान येतं ते जेमतेम तळहाताएवढं. कुंडी बदलायला झाल्याच्या याहून स्पष्ट खुणा नसतात. वेळही हीच, थंडी ओसरलीय आणि कडक ऊन अजून लांब आहे.

नवी कुंडी जुनीपेक्षा एक-दोन इंचच मोठी घ्यावी. फार मोठीत माती ओली राहते, मुळं कुजतात. आणि ती आतून स्वच्छ, रिकामी हवी. हे मला नानांनी, माझ्या वडिलांनी, शिकवलं. ते गेले त्याला वर्ष होत आलं. हल्ली आमच्याकडे बरेच जण करतात तसं आम्ही त्यांची राख नदीत न सोडता चाकूरच्या शेतात खड्डा करून घातली आणि वर आंबा लावला. सगळे रडत होते. मी रोपाभोवतीची माती नीट दाबत होते. तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नाही. दुखत नाही, बरंही वाटत नाही. लोक विचारतात तेव्हा हसते.

माधवरावांना फोन करून विचारावं असं एकदा मनात आलं. पण मास्तरांना झाडातलं काय कळतं? परत येतील तेव्हा टवटवीत झाड बघून खूश होतील.

१६ फेब्रुवारी

काम झालं. मातीचा गोळा सहज सुटावा म्हणून काल पाणी घालून ठेवलं होतं, तरी सुटेना. शेवटी कुंडी फोडली. मुळ्यांच्या जाळ्यात आत करडी, पिठासारखी माती निघाली. चुलीची राख असणार. झाडांना घालतात राख, पण इतकी कोणी घालतं का? वर त्यात पांढरे, कडक खडे.

जुनी माती थोडीतरी मुळांशी राहू द्यायची असते, नाहीतर झाडाला धक्का बसतो. मला हे माहीत आहे. पण अर्धवट काम मला जमत नाही. मोरीत नेऊन मुळं पार पांढरी होईतो धुतली. मोरी तुंबली. घोटाभर करड्या पाण्यात अनवाणी उभी होते, तळव्यात खापराचा तुकडा घुसलेला कळलाही नाही. नंतर बघितलं तर जखमेच्या आत राख गेली होती.

मग नवी कुंडी. तळाला खापरं, त्यावर माती, शेणखत. झाड आधी होतं तेवढ्याच खोल लावलं, माती हलक्या हातानं दाबली, पहिलं पाणी भरपूर घातलं. आता आठ दिवस ऊन नाही.

२० फेब्रुवारी

सगळी पानं मान टाकून बसलीत. असं होतं, सावरेल.

पायाची जखम दुखत नाही. पाऊलच बधिर झालंय. चप्पल निघून गेली तर दहा पावलांनी कळतं.

२३ फेब्रुवारी

अंगण झाडायला कोंडाबाई येते. आज ती आत डोकावली आणि नवी कुंडी बघून दारातच खाली बसली. जुनी माती कुठंय म्हणाली. मी मोरीकडे बोट दाखवलं.

मोरीकडे बघतच म्हणाली, "मालकाला शेत न्हाई, ताई. नदीत सोडायला जीव झाला न्हाई. बाईची राख त्या कुंडीत व्हती. तुमी भ्याल म्हून सांगितलं न्हाई त्यांनी."

उद्यापासून येत न्हाई, असं सांगून ती खराटा घेऊन गेली.

मला शरम वाटायला हवी होती. एका माणसाकडे बायकोचं एवढंच उरलं होतं आणि ते मी मोरीत सोडलं. मी आत जाऊन चहा टाकला.

२७ फेब्रुवारी

बधिरपणा गुडघ्यापर्यंत आलाय. नांदेडला जाऊन आले. डॉक्टरांनी सुई टोचली, मी बघत राहिले. जीवनसत्त्व कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या.

सकाळी चहापुडीसाठी स्टूल ओढलं, वर चढले. मग आठवलं की मला स्टूल लागत नाही.

२ मार्च

झाड गेलं. खोड बोटानं दाबलं तर आत नुसता चिखल. वास नाही. मुळंही कुठे नाहीत, एकही नाही — कुंडीत नुसती माती.

आज रविवार. तांब्याभर पाणी प्याले, उभ्यानं, एका दमात. आठवडाभर तहान लागली नव्हती.

४ मार्च

कंबरेपर्यंत. आतून काहीतरी सरकतं, बारीक, फाटे फुटत. दुखत नाही. भीती वाटायला हवी.

माधवरावांना सगळं सांगायचं ठरवून फोन लावला. माफी मागणार होते. वाक्य जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते —

"अहो, कधी येताय?"

ते लगेच म्हणाले, "उद्या निघतो. तू जेवून घे."

तू म्हणाले.

५ मार्च

लातूरची गाडी धरायची होती. पिशवी भरली. उंबऱ्यापर्यंत — पाय उचलत नाहीत. फरशीला धरून राहतात.

एक-दोन इंचच मोठी हवी. स्वच्छ, रिकामी हवी.

मीच लिहिलंय वर.

६ मार्च

छातीपर्यंत. उजवा हात अजून माझा —

कोणीतरी आत माती दाबतंय. हलक्या हातानं, नीट, मी दाबली होती तशी. नाना, मी —

फाटक वाजलं. वहाणा वाजतायत, त्यांच्याच. पायरीशी थांबले. काचेतून दिसतायत, हातात तांब्या आहे. पहिलं पाणी —

काहीतरी वाटतंय. वर्षानंतर. आनंद होतोय, इतका की मावत नाही, डोळे वाहतायत — माझा नाही हा. नानांसाठी आलं नाही ते रडू आता — माझं नाही —

दार उघडंच आहे. या ना आत. आधी चहा टाकते. आणि अहो, बघा तरी, वरच्या डब्याला आता माझा हात पो