कोकणात हीटर कोणाला हवा?

२ जून, सकाळ
निर्णय झाला. गाडीतून एसी आणि हीटर हद्दपार.
१७ ऑगस्टला कुणकेश्वरजवळच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, एक क्लब मोटारींची स्पर्धा घेतोय. आखलेल्या ट्रॅकवर एकेका गाडीने दोन फेऱ्या मारायच्या, सगळ्यांत कमी वेळ लागेल तो पहिला. बाकीचे टायर बदलतात, सायलेन्सर बदलतात. बाजारू विचार. मी वजन उतरवणार. एसीवाली माणसं म्हणजे बर्फातली सुरमई, बाहेर काढली की दोन तासांत वास. आणि हीटर! देवबागात!
किशोरीला सांगितलं. ती म्हणाली, गाडी आपल्या होमस्टेच्या पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून आणायला आहे. बायकोला दूरदृष्टी नाही. लग्न झाल्यापासून माझ्या एकाही कामाला तिने 'बरां केलात' म्हटलेलं नाही. १७ तारखेला म्हणेल. मला कपापेक्षा तेच हवंय. (कप मिळेलच.)

६ जून
डॅशबोर्ड उतरवला. व्हिडिओतला माणूस हे दोन तासांत करतो. मला चार दिवस लागले. तो घाईत असावा.
कंप्रेसर, कंडेन्सर, हीटर, काचेवर वारा सोडणारा पंखा, सगळं बाहेर. हीटरकडे जाणारे पाण्याचे दोन पाइप एकमेकांनाच जोडून टाकले. एसीचा पट्टा काढताच इंजिन मोकळं झाल्याचं स्पष्ट जाणवलं. इंजिन तेव्हा बंद होतं.
मासेमारी बंद, त्यामुळे जेटीवरचा काटा रिकामाच. सामान त्यावर घातलं. अठ्ठावीस किलो! काटेवाल्या मंगेशने सुचवलं की आता तुम्हीही उभे राहून बघा. विषय सोडून बोलायची काहींना सवय असते.
चार स्क्रू उरले. कंपनीने जास्तीचे लावले होते.

११ जून
मित्र इद्रीस गाडी बघून गेला. टुरिस्ट टॅक्सी चालवतो. म्हणाला, "हीटर जावंदे रे. पण पंखो कित्याक काढलंस?" मी समजावलं, गाडी धावली की वारा आपोआप येतो. टॅक्सीवाल्याला वेगाचं शास्त्र काय कळणार? चहा मात्र दोनदा घेतला.

५ जुलै, रात्री
कुडाळहून पुण्याचे चौघे आणले. पाऊस, म्हणून खिडक्या बंद. चौके गाव येईपर्यंत पुढची काच आतून पांढरी. कारण तिथल्या तिथे शोधून काढलं. पाहुण्यांचा श्वास. चौघंही सारखे घेत होते. जरा कमी घ्या म्हटलं तर रागाने आणखी घ्यायला लागले. शेवटी खिडक्या उघडायला लावल्या. भिजले.
किशोरीने सगळ्यांना टॉवेल दिले. मला नाही.
स्पर्धेत गाडीत मी एकटाच असणार. प्रश्न सुटल्यात जमा.

६ जुलै
पुणेकर एक दिवस आधीच गेले. नाजूक लोक. यापुढे पाहुण्यांना इद्रीस आणणार, असं किशोरीने ठरवलं. मला विचारलं नाही. उत्तम, सरावाला वेळ मिळेल.

९ ऑगस्ट
पावसामुळे सराव झाला नाही. आज अंगणातच गाडीत बसून कमी श्वास घ्यायचा सराव केला. नाकाने, सावकाश. चक्कर आली. प्रगती आहे.

१७ ऑगस्ट, संध्याकाळ
किशोरी आली होती. इद्रीसच्या टॅक्सीतून, नव्या पाहुण्यांना घेऊन. माझं काही बघायला ती पहिल्यांदाच आली. वळणावर दोरीच्या पलीकडे छत्री घेऊन उभी राहिली.
बारीक पाऊस. हेल्मेट, ओले कपडे. पहिल्या वळणापर्यंत मी सर्वांत वेगवान होतो, निदान मला तसं वाटलं. दुसऱ्या वळणावर काच पांढरी. मी एकटाच, तरीही. श्वास रोखला, काच तशीच. हाताने पुसली, अजून बिघडली. खिडकीतून डोकं काढलं तर हेल्मेटची काच भिजली. समोर काहीतरी निळं हललं. ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं.
निळी छत्री किशोरीची. दोरीखालून धावत आली. काय झालं, विचारू लागली. मी म्हटलं, "तुला बघून थांबलो." कुठून सुचलं कोण जाणे.
ढकलायला माणसं येईपर्यंत ती माझ्या खिडकीवर छत्री धरून स्वतः भिजत उभी राहिली.
निकाल: शेवटून दुसरा. शेवटच्याची गाडी सुरूच झाली नव्हती. असो. कप कसला, पत्र्याचा. आता शांतपणे विचार केल्यावर वाटतं, मी तिलाच बघून थांबलो असणार. नक्कीच.

१८ ऑगस्ट, दुपार
जेवताना एका पाहुण्याने विचारलं, काका काल मध्येच का थांबले? मी म्हटलं, हिलाच विचारा, माझ्या तोंडून बरं दिसत नाही.
पाहुण्यांशी ती एरवी शुद्ध बोलते. आज सोलकढी वाढता वाढता म्हणाली, "ह्येंका काचेतसून कायएक दिसूक नाय, म्हणान थांबले. माका बघून थांबणारे आसते, तर इतक्या वर्सांत एकदा तरी थांबले आसते."
पाहुणे खूप हसले. मीही हसलो. ती हसत नव्हती.