म्युझियमच्या ताब्यातलं चित्र

२४ ऑक्टोबर, नगर
उद्या जैसलमेर. सॅमच्या गाडीतून. सॅम म्हणजे माझा साडू. फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे बॅनर छापतो आणि स्वतःला आर्टिस्ट म्हणवतो. मी चित्रकला शिक्षक. फरक मला कळतो, घरात कुणाला कळत नाही.

नॅन्सी, म्हणजे माझीच मुलगी, बारावीनंतर सॅमकाकाकडे डिझाईन शिकणार म्हणते. पेंटिंगमध्ये काय ठेवलंय, म्हणाली. दाखवतोच.

संकल्प: रोज एक म्युझियम. उंट एकही नाही. शिवाय माझं ‘भंडारदरा: सायंकाळ’ गुंडाळून बरोबर घेतलंय. ते तिथल्या म्युझियमला भेट द्यायचं. वाळवंटात धरणाचं चित्र, नाही म्हणतील कशाला? एकदा भिंतीवर लागलं की नॅन्सीचं तोंड बंद.

चित्रामागे नाव, पत्ता, मोबाईल लिहिला. पोरांना वर्गात हेच बोंबलून सांगतो, मागे नाव नसेल तर चित्र बेवारस. नंबर दयाचा टाकला. बायकोला तेवढंच काम. मी फोन उचलत नाही.

२६ ऑक्टोबर, गाडीत
सॅम गाडी चालवतो आणि गातो. दोन्ही भिकार. दया माझ्या चित्राच्या गुंडाळीवर पाय ठेवून झोपली. उठल्यावर म्हणाली, अगंबाई, मला चटई वाटली. अबोला धरला. कुणाच्या लक्षात आला नाही.

२७ ऑक्टोबर, जैसलमेर
पहिलं म्युझियम. मी रेषेवर बोलायला लागलो. दया चप्पल काढून बाकावर. सॅम प्रत्येक चित्रापुढे ‘लई भारी’ म्हणतो आणि विचारतो, सर, हे कितीबाय किती असेल? फ्लेक्सवाला तो फ्लेक्सवालाच! नॅन्सी त्याच्याबरोबर हसत होती. हत्तीच्या चित्रावर मन लावून बोललो. मागे वळलो तर एक परदेशी बाई उभी. तिला बाथरूम कुठे ते हवं होतं.

दुपारी सगळे उंटावर बसले. मीही बसलो, निरीक्षणासाठी. उतरताना पडलो. चूक उंटाची.

२८ ऑक्टोबर
आज मोठं म्युझियम. दारातच गार्डने अडवलं, गुंडाळी आत न्यायची नाही. म्हटलं, हे सामान नाही, कला आहे. छत्र्या ठेवतात तिकडे ठेवा, म्हणाला. टोकन दिलं. आत साहेबांना भेटायला गेलो, साहेब रजेवर. दुसरे साहेब जेवायला गेलेले. ताटकळलो. माणूस जेवतो किती!

बाहेर आलो. नॅन्सीने विचारलं, पप्पा, घेतलं त्यांनी? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, घेतलं.

यात खोटं काही नाही. चित्र त्यांनी घेतलं, मला टोकन दिलं. चित्र सध्या म्युझियमच्या ताब्यात आहे.

नॅन्सी सगळ्यांसमोर गळ्यात पडली. लहान होती तेव्हा पडायची. म्हणाली, पप्पा, मी पेंटिंगलाच जाते. मी टोकन खिशात खोल ढकललं.

उद्या गुपचूप जाऊन साहेबांना गाठायचं.

२९ ऑक्टोबर, गाडीत
सॅमने पहाटेच गाडी काढली. सगळा सत्यानाश या माणसामुळे.

१ नोव्हेंबर, नगर
चौकात फ्लेक्स! माझा फोटो, मागे किल्ला, कोपऱ्यात उंट. ‘राजस्थानच्या म्युझियममध्ये नगरचा झेंडा! डेव्हिड सरांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून कोल्हारची सगळी सासुरवाडी गोल गोल फोटोंत. सॅमने छापला, डिझाईन नॅन्सीचं. रंगसंगती ओंगळ. काढायला सांगणार होतो, पण लोक थांबून वाचत होते. राहू दे आठवडाभर. चार चकरा मारून आलो.

३ नोव्हेंबर
फ्लेक्सखाली सत्कार. शाल, पेढे, माईक, सगळं सॅमचं. भाषणात ‘मी वाळवंटाला पाणी दिलं’ इथपर्यंत आलो आणि शेजारी बसलेल्या दयाचा फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. सगळं माईकमधून चौकात.

म्युझियमच्या सामानघरातला माणूस. दीदी, तुमचं कॅलेंडर इथे राहिलंय, म्हणाला. धरणाचं. मागे तुमचा नंबर आहे. पाठवू का टाकून देऊ?

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सॅमने घाईघाईने पेढे वाटायला घेतले. मी नॅन्सीला समजावायला गेलो, कॅलेंडर म्हणतो म्हणजे बघ त्याची अक्कल. ती म्हणाली, नाही घेतलं म्हणाला असतात तरी मी पेंटिंगला गेले असते, पप्पा. तुम्ही ते एवढ्या लांब घेऊन आलात म्हणून.

‘असते’ म्हणाली.

१२ नोव्हेंबर, कोल्हार
फ्लेक्स सासऱ्यांच्या कांद्याच्या ढिगावर टाकलाय. माझं तोंड वरच्या बाजूला. कोंबड्या चढतात.

नॅन्सी चार तारखेपासून सॅमच्या दुकानात जाते. माझ्याशी बोलत नाही. चित्र कुरियरने आलं. सॅमने परस्पर मागवलं.

आज सॅम म्हणतो, सर, भंडारदऱ्याच्या एका हॉटेलला तुमचं चित्र फ्लेक्सवर पाहिजे. वर ‘पार्किंग मागे’ आणि बाण. मी भडकलो. कलेची किंमत, साधना, प्रतिष्ठा, सगळं ऐकवलं. त्याने मान खाली घालून ऐकलं.

मग मी विचारलं, कितीबाय किती?

आठ बाय चार. बाण नॅन्सी काढणार, धरणाच्या पाण्यावर. तिला विचारलं, माझं नाव येईल ना? इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

म्हणाली, हो पप्पा. मागच्या बाजूला.