पिवळं पान

रविवार, संध्याकाळ

गच्चीवरच्या बागेच्या आमच्या ग्रुपात आज माझ्या संत्र्याच्या कुंडीचा फोटो टाकला. सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. पांढुर्ण्याच्या काकांनी तेवढं लिहिलं, "पान पिवळं पडून राहिलं. पाणी कमी टाक बाई."

सगळ्यांसमोर! मग आम्ही सावरगाववाले तुटून पडलो. नदीपलीकडचे ते, अलीकडचे आम्ही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर दोन्ही गावांची दगडफेक होते, तशी ग्रुपावर गोटमारच सुरू झाली.

घरी हे म्हणाले, "ॲडमिन तूच ना? काढून टाक त्या म्हाताऱ्याले."

पण ते पान... फोटोसाठी कुंडी मीच फिरवली होती, पिवळी पानं मागं जावी म्हणून. तरी एक दिसलंच त्यांना. एवढं निरखून दुसऱ्या कोणी पाहिलं?

नाही काढत काकांना. उद्या कुंडी फिरवते अन् मागच्या बाजूचा फोटो टाकते.