सगुणेने विहिरीत उडी मारली नाही, सबब

मी, कस्तुरा साहेबराव ओव्हाळ, वय वर्षे सहासष्ट, धंदा पुस्तकं-स्टेशनरी व झेरॉक्स, राहणार चिखली, लिहून ठेवते की माझी बुद्धी जागेवर आहे, नजर चष्म्यामुळे जागेवर आहे आणि कोणी हात धरून माझ्याकडून हे लिहून घेतलेलं नाही. गुडघे गेले आहेत, पण वकील पूनमताई म्हणतात मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. त्या माझी भाषाही दुरुस्त करणार होत्या. मी म्हटलं, सदरहू आणि सबब तुम्ही घाला, बाकीचं माझं राहू द्या.

१. माझे पती साहेबराव भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होते. ते २०१२ साली वारले. मागे मी, मुलगी आम्रपाली आणि तिच्या पाठचा मुलगा बुद्धभूषण. याशिवाय कोणी वारस उगवला तर तो खोटा समजावा.

२. चिखलीतलं घर, म्हणजे खाली दुकान आणि वर दोन खोल्या, माझ्या नावावर आहे. सदरहू घर व दुकान संपूर्णपणे बुद्धभूषणला द्यावं. मुलगी तिच्या घरी सुखात आहे आणि घर मुलाला जातं, तसंच चालत आलं आहे. दुकानावर ‘आम्रपाली बुक डेपो’ अशी पाटी आहे. ती ठेवायची की उतरवायची, ते त्यानं ठरवावं.

३. झेरॉक्स मशीनही त्यालाच. तो चाकणला कंपनीत क्वालिटीत आहे, गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. तेव्हा दुकान भाड्यानं द्यावं. मशीनच्या डाव्या अंगाला दोन टपल्या मारल्याशिवाय कागद सरकत नाही, हे भाडेकरूला आधी सांगावं, नाहीतर तो आपल्यालाच शिव्या घालील.

४. साहेबरावांचा मापं घ्यायचा व्हर्नियर आणि नट आवळायचे पाने भूषणला. वापरायचे नसतील तर वर्षातून एकदा तेल तरी लावावं. बापाची वस्तू गंजली तर मी वरून बघत बसणार नाही, कारण आमच्या धर्मात तशी सोय नाही. पण शेजारच्या शालनबाई बघतील आणि चार जणांना सांगतील.

५. न विकली गेलेली गाईडं रद्दीत द्यावीत, पण फाडून. अख्खी दिली तर कोंडाजी रद्दीवाला ती पुन्हा विकतो. हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्याच्याकडून मीच घ्यायचे.

आता लपवायचं काय, तीस वर्षं मी गाईडांवर घर चालवलं. नेमलेली कादंबरी एक खपली तर गाईडं चाळीस. पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी यायची आणि सगळ्यात पातळ कुठलं ते विचारायची. एकानं तर गाईडाचंही गाईड मागितलं होतं, आणि माझ्याकडे ते होतं.

६. हे कलम आम्रपालीसाठी. लांब आहे. ज्याला घाई असेल त्यानं उठून जावं, पण मग त्यावर मत देऊ नये.

२००६ साली आम्रपाली बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, मराठी घेऊन. नेमलेल्या कादंबरीत सगुणा नावाची विधवा. दीर-जाऊ तिला छळतात आणि शेवटी ती विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहते. माझ्या दुकानात प्रा. धनेश नेवाळे सरांचं गाईड होतं. त्यातला पहिलाच प्रश्न, सगुणेच्या आत्महत्येतून लेखकाने समाजावर केलेली टीका स्पष्ट करा, दहा गुण. सगळ्या पोरांनी तो पाठ केला. आम्रपालीनं एकटीनं कादंबरी वाचली आणि लिहून आली की सगुणा उडी मारतच नाही. ती पायऱ्या उतरते, तोंड धुते आणि वर येते. पोरीला दहापैकी शून्य मिळालं. तपासणाऱ्यानंही गाईडच वाचलं असणार. तिचा पहिला वर्ग तीन गुणांनी हुकला.

ती पुस्तक घेऊन काउंटरवर आली आणि शेवटची बारा पानं वाच म्हणाली. समोर गिऱ्हाईक होतं. मी म्हणाले, “छापलेलं गाईड खोटं आणि तू खरी?” कादंबरीसुद्धा छापलेलीच असते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिला प्राध्यापक व्हायचं होतं. मी एम.ए.चा फॉर्म भरू दिला नाही. म्हटलं, सोपा प्रश्न जमत नाही, पुढे काय दिवे लावणार. तिनं तळवड्याला नोकरी धरली. अजून तिथेच आहे, दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांतल्या चुका काढते. मला रोज फोन करते, बीपीची गोळी घेतली का विचारते आणि ठेवते. एकोणीस वर्षं आमचं बोलणं एवढंच आहे.

ते पुस्तक मी लॅमिनेशनच्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं होतं, टेबल डुगडुगायचं म्हणून. लॉकडाउनात दुकान बंद, करायला काही नाही, तेव्हा ते ओढून काढलं आणि दोन दिवसांत वाचलं. शेवटची बारा पानं तीनदा वाचली. पोरगी खरी होती.

मी तडक नेवाळे सरांच्या घरी गेले. सर आधी हसले, चहा मागवला, मग कबूल झाले. कादंबरी त्यांनी वाचलीच नव्हती. प्रकाशकानं पंधरा दिवस दिले होते, म्हणून त्यांनी आपल्या सरांचं जुनं गाईड समोर ठेवून नवं लिहिलं. आणि त्या सरांनी वापरली कॉलेजच्या लायब्ररीतली प्रत, जिची शेवटची बारा पानं गळून गेली होती. बाई विहिरीच्या काठावर उभी आणि पुढे कागदच नाही. मग त्यांनी स्वतःच्या अकलेनं तिला ढकललं. तेव्हापासून ती कादंबरी जेव्हा जेव्हा नेमली गेली, तेव्हा तेव्हा बिचारी विहिरीत पडत राहिली.

मी सरांना दुकानात स्टुलावर बसवून अख्खी कादंबरी वाचायला लावली. चार दिवस ते मास्क लावून आले. शेवटचं पान मिटून म्हणाले, “कस्तुराताई, ही बाई तर जिवंत आहे.” मी म्हटलं, “मारली तुम्ही, विकली मी.”

हे आम्रपालीला सांगायचं पाच वर्षं मनात आहे. तिचा फोन आला की मी बीपीचा आकडा सांगते आणि गिऱ्हाईक आलं म्हणते. म्हणून इथे लिहिते. आम्रपाली, तू खरी होतीस. मी चुकले, आणि तुझं नुकसान केलं. त्याचं मला फार वाईट वाटतं. सदरहू कादंबरी आम्रपालीला द्यावी. मुखपृष्ठावर टेबलाच्या पायाचा गोल वळ आहे, तो पुसू नये.

७. माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भाषणं आवरती ठेवावीत. मी मनमिळाऊ होते असं कोणी म्हटल्यास त्याचा माईक काढून घ्यावा.

पुरवणी

वरचा मसुदा पूनमताईंनी टाइप करून आणला. भूषणनं तो फोनवर घेतला, कुठल्याशा ॲपकडून चार ओळींचा सारांश काढला आणि म्हणाला, छान आहे आई, घर मला, पुस्तक ताईला. सारांशात चूक काहीच नव्हती.

साक्षीदार शालनबाई मात्र अडून बसल्या, समदं ऐकल्याबिगर सही न्हाई. म्हणून दुसरे साक्षीदार नेवाळे सर यांनी पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचलं. स्वतःचं नाव आलं तिथे आवाज बारीक झाला, पण गाळलं काही नाही. कलम सहा संपलं तशा शालनबाई म्हणाल्या, “ही माफी तू मेल्यावर मागनार व्हय? मग ती पोर ‘जाऊ दे’ म्हनंल ते कुनाला?”

मी आम्रपालीला बोलावून घेतलं. रविवारी आली. मीच वाचून दाखवलं. ती रडली, मीही रडले. एवढ्या वर्षांनी तिनं माझ्या हातचा चहा मागितला आणि पुस्तकावरचा तो वळ बघून हसलीसुद्धा. मला वाटलं, सुटले.

मग कप खाली ठेवून तिनं विचारलं, “आई, सगुणा विहिरीवरून घरी येते, दारात उभी राहते आणि दिराला काय म्हणते?”

मला पाठ होतं. मी म्हटलं, “माझा वाटा द्या.”

“मग कलम दोन पुन्हा वाच,” आम्रपाली म्हणाली.

मी वाचलं. शेवटची बारा पानं तीनदा वाचलेल्या बाईनं ते लिहिलं होतं.

सबब कलम दोन रद्द. घर व दुकान आम्रपाली आणि बुद्धभूषण यांना निम्मं-निम्मं. भूषणनं ही पुरवणी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी.

लिहून देणार: कस्तुरा साहेबराव ओव्हाळ (सही)

साक्षीदार:
१. शालनबाई सोपानराव मळेकर (सही, समदं ऐकलं)
२. प्रा. धनेश नेवाळे (सही, संपूर्ण वाचले, शेवटच्या पानासह)

ठिकाण: चिखली, जि. पुणे
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५