सासूबाईंच्या साडीचा धागा

१२ फेब्रुवारी, बुधवार
कपाटातून मफलर काढताना घड्याळाचा पट्टा रजनीच्या रेशमी साडीत अडकला. झटका दिला. पदराजवळ बोटभर धागा बाहेर आला, आजूबाजूला चुण्या पडल्या. साडी कैलासवासी सासूबाईंची. रजनीकडे आईची एवढीच वस्तू आहे, आणि मंगळवारी माहेरी, शाहपूरला भाचीच्या लग्नात ती हीच नेसणार. दोष कपाटाचा. रजनी कपडे कोंबते. तूर्त तिला सांगायचं नाही. बायका राईचा पर्वत करतात.

१३ फेब्रुवारी
शनवारा भागातल्या रफूवाल्याकडे जाणार नाही. सगळ्या गल्लीला सांगेल. शिवाय मी पडलो बऱ्हाणपूरचा, पॉवरलूमच्या खटखटीत वाढलेला. मला धागा कोण शिकवणार? यूट्यूबवर एक मुलगी म्हणते, धागा कापू नका, सुईने उलट्या बाजूला ओढून घ्या. नखं रंगवून ज्ञान पाजळते.

१४ फेब्रुवारी, सकाळ
नेलकटरने धागा कापला. साफ काम.

दुपार
तिथे भोक पडलंय. सासरकडचा माल, टिकणार किती?

१५ फेब्रुवारी
मेव्हणा गिरधर याने बागेतला केळीचा घड पाठवला. दुसरं आहे काय त्याच्याकडे? घड आणणाऱ्या कडू नावाच्या गड्याच्या शर्टावर सगळीकडे काळपट डाग. या लोकांना साबण माहीत नाही. घडाच्या देठातून चीक ठिबकत होता, पाण्यासारखा स्वच्छ आणि बोटाला चिकटणारा. तिथेच आयडिया आली. भोकाच्या कडा जुळवून चीक लावला, वर डिक्शनरी ठेवली. गिरधरच्या खानदानाने पिढ्यान्‌पिढ्या केळी लावली, पण हे एकालाही सुचलं नाही. डोकं लागतं.

१६ फेब्रुवारी, रविवार
चिकटलं. डाग नाही, काही नाही. पेटंटची चौकशी करायला हवी.

१७ फेब्रुवारी
तांबूस डाग आलाय. साबण लावला, लिंबू चोळलं, मग रॉकेल. डाग पसरला आणि काळा पडला.

संध्याकाळी रजनीने साडी बाहेर काढली. पलंगावर बसून रडली, आवाज न करता. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. म्हणून सांगितलं की इस्त्रीवाल्याने केलं. ती म्हणाली, त्याला जाब विचारून या. गेलो. चहा पिऊन आलो.

१८ फेब्रुवारी, शाहपूर
रजनी तरीही तीच साडी नेसली. डागावर पदर पिनने टाचून घेतला, पण लपतोय कुठे? मांडवात निम्मे केळीवाले. गिरधरच्या बायकोने, कोकिळावहिनीने, लांबूनच चिकाचा डाग ओळखला. रजनीने इस्त्रीवाल्याचं नाव सांगितलं. मग गिरधरने सगळ्यांसमोर मला विचारलं, "जावईबापू, तुमचा इस्त्रीवाला केयीच्या बागात इस्त्री करतो क्या?" मांडव हसला. अडाणी लोक.

रजनी हसली नाही. पिन काढून तिने डागाखालचा कापलेला धागा पाहिला आणि मला एवढंच विचारलं, "पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं? मी सुईने धागा आत घेतला असता." मी पंगतीला जाऊन बसलो. मठ्ठा आंबट होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार
रजनी माहेरी थांबली होती, आज परतली. बॅगेत साडी नव्हती. वहिनीकडे ठेवून आली म्हणे, तिथे जपून राहील. किती दिवस ठेवणार, मी विचारलं.

ती म्हणाली, तुम्ही या घरात आहात तोवर.